मॉनिटर १४४ हर्ट्झचा, पण चालतोय ६० वरच? रिटर्नची मुदत संपण्याआधी हे तपासा

नवा गेमिंग मॉनिटर आला, केबल जोडली, चित्र दिसले. अनेक जण इथेच थांबतात. पण खोक्यावर १४४ हर्ट्झ छापलेले असले, तरी विंडोज असा मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच सुरू करते. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर या दोन्हींसाठी जास्तीचे मोजलेले पैसे मग वाया जातात आणि काही वेळा धडधाकट मॉनिटर ‘खराब’ म्हणून परतही पाठवला जातो. केबल कुठे लावली, कोणती लावली आणि सेटिंगमध्ये काय निवडले, या तीन गोष्टी पाहिल्या की बहुतेक वेळा कारण सापडते.

हर्ट्झ म्हणजे नेमके काय?

मॉनिटर एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवतो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलते, तर १४४ हर्ट्झवर दर ६.९ मिलिसेकंदांनी. ईमेल किंवा एक्सेलच्या कामात हा फरक फारसा जाणवत नाही. वेगवान गेममध्ये आणि पान भराभर स्क्रोल करताना मात्र तो सहज दिसतो.

केबल कुठे लावायची?

कॅबिनेटच्या मागे चित्रासाठी दोन ठिकाणी पोर्ट असू शकतात. यूएसबी आणि ऑडिओच्या पोर्टजवळचे एचडीएमआय हे मदरबोर्डचे असते. उभ्या कॅबिनेटमध्ये त्याच्या खाली, आडव्या रांगेत असलेले पोर्ट ग्राफिक्स कार्डचे असतात. केबल या खालच्या पोर्टलाच लावायची.

मदरबोर्डला केबल लावली आणि प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असेल, तर चित्र दिसते. त्यामुळे चूक लक्षातच येत नाही आणि महागडे कार्ड बाजूला पडू शकते. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, तर पडद्यावर फक्त ‘नो सिग्नल’ येते. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराने संपणाऱ्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. अशा वेळी मॉनिटर बिघडला असे समजण्याआधी मागची केबल पाहा. मॉनिटरच्या मेन्यूत ‘इनपुट सोर्स’ योग्य निवडला आहे का, तेही तपासा.

केबलने एवढा काय फरक पडतो?

थोडा हिशेब करू. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती पाठवावी लागते. एचडीएमआय १.४ मधून चित्रासाठी सुमारे ८ गिगाबिटच जातात. म्हणून ४के तिथे ३० हर्ट्झवर अडकते आणि माउसचा बाणही अडखळत चालल्यासारखा वाटतो. एचडीएमआय २.० वर ४के ६० हर्ट्झपर्यंत चालते. डिस्प्लेपोर्ट १.४ वर ते १२० हर्ट्झपर्यंत जाते.

कार्डचा पोर्ट, केबल आणि मॉनिटरचा पोर्ट या तिघांत जो सर्वांत कमी क्षमतेचा, त्यावर वेग ठरतो. एकाच मॉनिटरवरील एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची कमाल मर्यादाही वेगळी असू शकते. कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झ मिळतात, हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. दोन्ही बाजूंना डिस्प्लेपोर्ट असेल, तर आधी तोच वापरून पाहा.

कन्व्हर्टर घेतानाही जपून. कार्डच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जायला साधा अडॅप्टर सहसा चालतो. उलट दिशेने मात्र चालत नाही. त्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्ह’ कन्व्हर्टर लागतो.

विंडोजमध्ये काय बदलायचे?

* आधी ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसत असेल, तर ड्रायव्हर बसलेला नाही.
* विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जा. मॉनिटर कोणत्या ग्राफिक्सला जोडला आहे, ते इथे लिहिलेले असते. तिथे तुमच्या कार्डचे नाव दिसायला हवे.
* त्याच पानावर ‘रिफ्रेश रेट’मध्ये सर्वांत मोठा आकडा निवडा. पडदा काळा झाला तरी घाबरू नका. काहीही न दाबल्यास थोड्या सेकंदांत जुने सेटिंग आपोआप परत येते.
* गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्येही ६० ची मर्यादा लावलेली नाही ना, ते पाहा.

रंग फिके किंवा कडा कापलेल्या दिसतात?

एचडीएमआयवर कार्ड कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजते. टीव्हीच्या पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा १६ ते २३५ या आकड्यांत बसवतात, तर कॉम्प्युटरच्या पद्धतीत ० ते २५५. हे जुळले नाही, की काळा रंग राखाडी दिसतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्युशन’खाली ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ ‘फुल’ करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पिक्सेल फॉरमॅट’मध्ये ‘फुल आरजीबी’ निवडा. कडा कापल्या जात असतील किंवा चारही बाजूंना काळी पट्टी दिसत असेल, तर ड्रायव्हरमधील स्केलिंग आणि मॉनिटरच्या मेन्यूतील ओव्हरस्कॅन तपासा.

फ्रीसिंक, जी-सिंक कशासाठी?

कार्ड आणि मॉनिटरचा वेग जुळला नाही, की चित्र मधूनच आडवे फाटल्यासारखे दिसते. या सोयीमुळे कार्ड जितकी चित्रे देईल, तितक्याच वेगाने मॉनिटर चालतो. एनव्हिडियाने २०१९ पासून अनेक फ्रीसिंक मॉनिटरवरही ही सोय खुली केली. मात्र ती आधी मॉनिटरच्या मेन्यूत आणि नंतर ड्रायव्हरमध्येही सुरू करावी लागते.

तरीही १४४ चा पर्याय दिसत नसेल तर?

दुसरी केबल लावा, पोर्ट बदला आणि शक्य असल्यास मित्राच्या कॉम्प्युटरवर मॉनिटर जोडून पाहा. तिथे पूर्ण वेग मिळाला, तर अडचण तुमच्या कार्डच्या, ड्रायव्हरच्या किंवा केबलच्या बाजूला आहे. तिथेही नाही मिळाला, तर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानाचा फोटो काढून विक्रेत्याला बिलासह पाठवा. या सगळ्या तपासणीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही. ती मॉनिटर घरी आला त्याच दिवशी करा आणि तोवर खोके व आतले थर्माकोल टाकू नका.