जॉब कार्डातला ‘जॉब’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोखाडा आणि जव्हार या तालुक्यांतील पाड्यांवर इंग्रजीतला ‘जॉब’ हा शब्द पाठ्यपुस्तकातून आला त्यापेक्षा अधिक रोजगार हमीच्या कार्डावरून आला, आणि येताना एक हट्टी गैरसमज सोबत घेऊन आला : जॉब म्हणजे नोकरी, म्हणून जॉब कार्ड मिळाले म्हणजे सरकारकडून काम मिळाले. या गैरसमजाचा दोष पाड्यावरच्या माणसाला देणे अन्यायाचे ठरेल, कारण ‘जॉब’ या शब्दापुढे नोकरी, काम, रोजगार, धंदा हे शब्द जणू एकाच मापाचे आहेत अशा थाटात एका ओळीत मांडण्याची सवय शिकलेल्यांचीच आहे.

वस्तुस्थिती अशी की हे शब्द समानार्थी नाहीत. सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘जॉब’ याचा अर्थ कामाचा एक तुकडा, म्हणजे हातात घ्यायचे आणि पुरे करून मोकळे व्हायचे असे नेमके काम, एवढाच होता; पगाराची कायम जागा हा अर्थ त्याला नंतर चिकटला. मूळ अर्थ आजही छापखान्यातील ‘जॉब वर्क’मध्ये आणि लेथवर चढवलेल्या ‘जॉब’मध्ये टिकून आहे आणि मराठीतील ‘उक्ते काम’ त्याच्या सर्वांत जवळचे आहे. ‘नोकरी’चा उगम वेगळा आहे : मंगोल भाषेतील साथीदार या अर्थाचा शब्द फारसीतून ‘नोकर’ होऊन मराठीत आला, त्यामुळे नोकरीत माणूस धन्याशी किंवा संस्थेशी बांधलेला असतो, तर उक्त्या कामात बांधिलकी कामापुरतीच असते. ‘रोजगार’ हाही फारसीतून आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी ‘रोज’, म्हणजे दिवस, आहे. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, तर ‘काम’ हा संस्कृत ‘कर्म’ शब्दाचा प्राकृतातून उतरलेला वंशज या सर्वांहून व्यापक आहे.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा आहे असे समजणाऱ्यांनी त्याची किंमत कोणाला मोजावी लागते हे पाहावे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे सुरू झालेला रोजगार हमीचा प्रयोग 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरला, 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. त्या कायद्याचे नाव ‘रोजगार हमी’ होते आणि त्यातील हमी नोकरीची नव्हती, मागणाऱ्याला अंगमेहनतीचे काम देण्याची होती. ‘जॉब कार्ड’ हे नाव 2005 च्या केंद्रीय कायद्याबरोबर रूढ झाले. त्या कायद्यानुसार कार्ड ही कुटुंबाची नोंद होती. वर्षाला 100 दिवसांचे अकुशल काम मिळण्याचा हक्क त्या कुटुंबाला होता, पण तो हक्क जागा होत असे तो मागणीने. महाराष्ट्रात ही मागणी ‘नमुना 4’ भरून करायची आणि ग्रामपंचायतीकडून ‘नमुना 5’ मध्ये तारखेची पोच घ्यायची असते. पंधरा दिवसांत काम न दिल्यास पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एकचतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा बेरोजगार भत्ता देय होतो, आणि हे पंधरा दिवस कार्डावरच्या नव्हे तर पोचेवरच्या तारखेपासून सिद्ध करता येतात. कुडाच्या भिंतीत खोचलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड जपून ठेवणारे आणि काम आपोआप येईल म्हणून वाट पाहणारे कुटुंब कायद्याच्या हिशेबात काम न मागणारे कुटुंब ठरते. दिवाळी सरते, हातातले भात-नागली पुरेनासे होते आणि उचल घेऊन तेच कुटुंब भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे निघते. त्यानंतर ‘इथे कामाला मागणीच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तो संतापजनक आहे, कारण मागणी कशी करायची हे स्पष्ट मराठीत सांगण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनीच एका इंग्रजी शब्दाआड ती झाकून ठेवलेली असते.

याच गैरसमजाची दुसरी बाजू मजुरीच्या वेळी उघडी पडते. नोकरीत हजेरी लागली की पगार ठरलेला, या समजुतीने हजेरीपटावर नाव चढले म्हणजे दिवसाचा पूर्ण दर मिळणार असे धरले जाते. मजगीच्या कामात, म्हणजे उतार कापून आणि बांध घालून भातखाचर तयार करण्याच्या कामात, मजुरी बहुधा खोदलेल्या मातीच्या घनमीटरवर निघते. एका गटाला भुसभुशीत माती आणि शेजारच्या गटाला मुरूम लागला, तर सारखाच घाम गाळूनही रक्कम सारखी येईलच असे नाही. येथे ‘जॉब’ आपल्या मूळ अर्थाने, कामाचा मोजलेला तुकडा म्हणून, समोर उभा असतो, आणि म्हणून काम सुरू होण्यापूर्वी आखणी समजून घेणे, जमिनीचा प्रकार नोंदवून घेणे आणि मोजमापाच्या वेळी गटाने हजर राहणे हेच मजुराचे खरे संरक्षण होय. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी 125 दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला, तरी कार्ड आणि काम यांतील फरक दिवसांची संख्या बदलल्याने पुसला जात नाही.

इतर गैरसमज थोडक्यात असे आहेत.

‘नोकरी नाही तो बेरोजगार.’ राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात स्वयंरोजगारी, नियमित पगारी आणि नैमित्तिक मजूर हे तिन्ही रोजगारातच मोजले जातात.

‘पाणी आणि मोळी वाहणे हे काम नव्हे.’ 2013 मध्ये श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने घरच्या वापरासाठी पाणी-सरपण आणण्याला ‘काम’ म्हटले. तीच मोळी विकायला नेली तर तो रोजगारही होतो.

‘जॉबर म्हणजे जॉब करणारा.’ मुंबईच्या गिरण्यांत जॉबर हा कामगार भरती करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम होता.

‘वेठबिगार म्हणजे फुकट काम, आणि ती कधीच संपली.’ संस्कृत ‘विष्टि’पासूनची वेठ आणि फारसी बिगार यांच्या जोडीतील ‘बिगार’ हा शब्द संविधानाच्या अनुच्छेद 23 मध्ये इंग्रजी मसुद्यातही तसाच ठेवला आहे; 1976 च्या कायद्याने कर्ज किंवा उचल देऊन माणसाला कामाशी बांधून ठेवणे गुन्हा ठरवले, आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीही सक्तीची मजुरीच होय असा निर्वाळा दिला. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडू न दिलेल्या जोडप्याच्या श्रमाला ‘जॉब’ म्हणता येत नाही, नोकरी म्हणता येत नाही आणि रोजगारही म्हणता येत नाही. त्याचे नाव वेठ आहे.

म्हणूनच जॉब कार्डाचे मराठी करायचेच असेल, तर ते ‘काम मागण्याच्या हक्काची नोंद’ असे करावे, आणि ते हाती देताना त्याच्यासोबत नमुना 4 चा कोरा कागदही द्यावा.