हातातील जीपीएस यंत्र किती खरे सांगते?

कोणतेही साधन वापरण्यापूर्वी ते पारखून घ्यावे, ही सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागावी म्हणून हा लेखप्रपंच. हातात मावणारे जीपीएस यंत्र, किंवा तीच सोय असलेला मोबाइल, आज अनेकांजवळ आहे. त्यावरील अक्षांश-रेखांश पाहून कोणी जागेची हद्द ठरवू लागले, तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत विनाकारण तंटा उभा राहील. म्हणून या आकड्यांवर किती विसंबावे, हे आपण समजून घेऊ.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवितात. संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. तीन स्थान व उंचीसाठी, तर चौथा यंत्राच्या घड्याळातील चूक काढण्यासाठी. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो. त्यामुळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. वातावरणामुळे संकेतास उशीर होतो, इमारतींवर आपटून तो लांबच्या वाटेने येतो. म्हणून चूक राहतेच.

पूर्वी अमेरिका नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळीत असे. तेव्हा स्थान १०० मीटरपर्यंत चुकत असे. २ मे २००० रोजी हा प्रकार बंद झाला. आता मोकळ्या आकाशाखाली चांगले यंत्र साधारणपणे ५ मीटरच्या आत स्थान दाखविते. उंच इमारतींत किंवा दाट झाडीत मात्र चूक वाढते.

पडद्यावर ‘अचूकता ३ मीटर’ असे दिसते, तो यंत्राचा स्वतःचा अंदाज असतो. विद्यार्थ्याने आपलीच उत्तरपत्रिका तपासावी, तसे हे झाले. शिवाय, सगळ्या नोंदी एकमेकींच्या जवळ आल्या म्हणजे त्या खऱ्या ठरत नाहीत. दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळ रोज न चुकता दहा मिनिटे पुढेच असते!

खरी परीक्षा अशी घ्यावी. ज्याचे अक्षांश-रेखांश सर्वेक्षणाने अचूक ठरले आहेत, असा मोकळ्या जागेतील बिंदू निवडावा. तेथे यंत्र काही मिनिटे स्थिर ठेवून नोंद करावी. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी अशा २० नोंदी घ्याव्यात. कारण उपग्रहांची मांडणी सतत बदलत असते. नंतर प्रत्येक नोंदीची चूक मीटरमध्ये काढावी.

उदाहरण पाहू. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. मुंबईच्या आसपास रेखांशाचा एक सेकंद सुमारे २९ मीटर भरतो. दोन्हींत ०.१ सेकंदाचा फरक आला, तर उत्तर-दक्षिण ३.१ आणि पूर्व-पश्चिम २.९ मीटर. पायथागोरसच्या प्रमेयाने एकूण चूक सुमारे ४.२ मीटर. अशा वीस चुका चढत्या क्रमाने लिहाव्यात. दहावी चूक सांगते, की निम्म्या नोंदी किती अंतराच्या आत आल्या. एकोणिसावी सांगते, की शंभरात ९५ किती अंतराच्या आत येतील. विसंबायचे ते या दुसऱ्या आकड्यावर.

एक दक्षता घ्यावी. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही पद्धत वापरते, तर भारताचे जुने नकाशे एव्हरेस्ट पद्धतीवर आधारलेले आहेत. दोन्हींची सरमिसळ केल्यास यंत्र बिनचूक असूनही मोठी चूक दिसेल.

आता ३० फूट रुंदीचा भूखंड घ्या. ती रुंदी जेमतेम ९ मीटर. एकेका कोपऱ्यावर ५ मीटर चुकू शकणारे यंत्र तेथे काय निवाडा करणार? हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची रीतसर मोजणीच हवी. तेथील रोव्हर यंत्रही उपग्रहांवरच चालते, पण ज्ञात ठिकाणच्या केंद्राकडून दुरुस्ती मिळाल्याने त्याची चूक काही सेंटिमीटरवर येते.

वाट शोधण्यास, विहीर किंवा शाळा नकाशावर दाखविण्यास हातातील यंत्र उत्तम आहे. विद्यार्थी मित्रांनो, वीस नोंदींचा हा प्रयोग आपल्या शाळेत जरूर करा. यंत्र काय सांगते हे वाचणे सोपे आहे. ते कितपत खरे, हे मोजून पाहणे म्हणजे विज्ञान.