पिल्लांना ऊब हवी, भट्टी नको

जत्रेत मुलांनी हट्टाने घेतलेली हिरवी-गुलाबी पिल्लं असोत, की घणसोली-दिवाळ्याच्या गावठाणात परसात पाळायला आणलेली गिरिराज-वनराज जातींची. मरायची ती बहुतेक पहिल्या आठवड्यातच मरतात. मग "नजर लागली", "रंग बाधला" म्हणून विषय मिटतो. खरं कारण पुष्कळदा ऊब हेच असतं. कमी पडलेली, नाहीतर जास्त झालेली.

"नवी मुंबईच्या उकाड्यात कसली ऊब द्यायची?" हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. आपल्याला घाम फोडणारी तीस अंशांची हवा एका दिवसाच्या पिल्लाला गार लागते. त्याच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. अंगातली उष्णता टिकवणं त्याला अजून जमत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिसं भरली की बल्ब काढता येतो. आपल्याकडे पावसाळ्यातल्या रात्री पारा २५च्या आसपास उतरतो, जानेवारीच्या पहाटे त्याहून खाली. मे महिन्यात दुपारी बल्ब बंद ठेवला तरी चालेल. पण खोका पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात असेल तर मेमध्येही पिल्लं गारठतात.

याच्या उलटा समज म्हणजे ऊब जितकी जास्त तितकी चांगली. खुडूक कोंबडीकडे बघा. पिल्लू गारठलं की तिच्या पंखाखाली शिरतं, उकडलं की बाहेर येऊन दाणे टिपतं. आत-बाहेर कधी करायचं हे पिल्लू ठरवतं. छोट्या खोक्यात मधोमध १०० वॉटचा बल्ब टांगून वर पुठ्ठा झाकला की त्याला पळायला जागाच उरत नाही. म्हणून खोका ऐसपैस घ्या, बल्ब एका कडेला लावा, पाणी आणि खाद्य दुसऱ्या कडेला ठेवा. थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. बल्बखाली एकमेकांवर चढून किंचाळत असतील तर पिल्लांना थंडी वाजतेय. चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून कोपऱ्यात गेली असतील तर उकडतंय. खोकाभर पांगून चरत-डुलक्या घेत असतील तर काही बदलू नका.

बल्बही कुठलाही चालत नाही. एलईडीखाली उजेड पडतो, ऊब जवळजवळ नाही. जुना तारेचा बल्ब किंवा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घ्यावा आणि तो पक्का बांधावा. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटून पडलेला बल्ब आग लावतो. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कदापि नको. तिचा वायू पिल्लांनाच काय, माणसांनाही मारतो.

रंगीत पिल्लं ही काही वेगळी जात नव्हे. हॅचरीत अंडी देणाऱ्या जातींच्या माद्या वेगळ्या काढल्या जातात. उरलेले, हॅचरीला नको असलेले नर बहुधा रंगवून विकले जातात. "मोठी झाली की अंडी देतील" ही आशा सोडा. तीन-चार महिन्यांत सोसायटीत पहाटे बांग ऐकू येईल, त्याची तयारी ठेवा. रंग घालवायला पिल्लं धुणं हा तर निव्वळ अघोरीपणा. भिजलेलं पिल्लू बल्बखालीही काकडून मरतं. रंग पिसं बदलताना आपोआप जातो.

दूध पाजू नये, ते पचत नाही. नुसत्या कणीवर पिल्लं जगतात, पण वाढत नाहीत. सुमारे २० टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर घ्या. पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात गोट्या टाकल्या की पिल्लू बुडत नाही. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात, म्हणून खाली भाताचं तूस पसरा आणि ओलं झालं की लगेच बदला. पावसाळ्यात ओल्या तुसातूनच रक्ती हगवण पसरते.

"घरात आहेत म्हणजे सुरक्षित" हेही अर्धंच खरं. बाल्कनीत कावळा आणि घार, तळमजल्यावर मांजर आणि घूस. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची जाळी कोंबडीला अडवते, उंदराला नाही. अर्धा इंच भोकांची वेल्डेड जाळी घ्या. खोका स्वयंपाकघरात ठेवू नका. तापून धुरावलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ पक्ष्यांना मिनिटांत मारते. मुलांनी पिल्लू मुठीत आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच त्यांचा श्वास चालतो. हाताळल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण दिसायला ठणठणीत पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो.

"चार पिल्लांना कसली लस?" असं म्हणू नका. मानमोडी (राणीखेत रोग) चार पिल्लं आणि चारशे पिल्लं यांत फरक करत नाही. तिची पहिली लस पहिल्या आठवड्यातच देतात, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. बर्ड फ्लूही फक्त मोठ्या पोल्ट्रीत येत नाही. २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीत तो देशात पहिल्यांदा सापडला हे खरं, पण जानेवारी २०२५ मध्ये तो नवी मुंबईला लागून असलेल्या उरण तालुक्यातल्या चिरनेर गावातही आढळला. एकदम दोन-तीन पिल्लं मेली तर ती कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.