पडद्यावरचं चित्र सरकत नाही

पायथनची तोंडओळख झाली की पुष्कळ मुलं गेम करायला घेतात आणि त्यासाठी पायगेमकडे वळतात. २००० पासून मोफत मिळणारी ही लायब्ररी शिकायला सोपी आहे. पडद्यावर चित्र येतं कसं, याबद्दलचे गैरसमज मात्र चिवट आहेत.

‘ब्लिट केलं की चित्र दिसतं’ हा पहिला. ब्लिट चित्राचे पिक्सेल मेमरीतल्या पडद्यावर उतरवतं, एवढंच. खिडकीत ते दिसतात फ्लिप किंवा अपडेट म्हटल्यावर. ही सोय मुद्दाम केलेली आहे: पार्श्वभूमी, खेळाडू, गुण असं सगळं आडोशाला रंगवून एकदम दाखवायचं. म्हणून फ्लिप एका फ्रेमला एकदाच, सगळ्यात शेवटी. दर ब्लिटनंतर फ्लिप केलं तर पडदा लुकलुकतो आणि बोल लागतो बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला.

सगळ्यात खोल रुजलेला समज म्हणजे एक्स-वायचे आकडे बदलले की चित्र जागचं हलतं. एके काळी हे खरंही होतं. १९८२ च्या कमोडोर ६४ संगणकातली चिप ८ स्प्राइट, म्हणजे हलवता येणारी छोटी चित्रं, स्वतः सांभाळायची. स्थानाचे आकडे बदलले की चित्र नव्या जागी दिसायचं आणि मागचं दृश्य शाबूत राहायचं. पायगेममधल्या ब्लिटचं तसं नाही. उतरवलेलं चित्र म्हणजे नुसते रंगीत ठिपके. ते चेंडूचे की झाडाचे, याची पडद्याला गंधवार्ता नसते. फळ्यावरचा चेंडू न पुसता शेजारी दुसरा काढला तर दोन दिसणारच. चेंडूमागे लांबलचक शेपटी उमटते ती यामुळेच. तेव्हा दर फ्रेमला पार्श्वभूमी भरायची आणि सगळं नव्याने काढायचं. ही उधळपट्टी वाटते, पण बहुतेक आधुनिक गेम असंच करतात.

चित्र फिरवतानाही असाच घोळ होतो. १०० बाय १०० चा चौकोन ४५ अंशांत फिरवला की कोपरे मावण्यासाठी तो सुमारे १४१ बाय १४१ होतो. फिरवलेलंच चित्र पुन्हा पुन्हा फिरवलं तर ते फुगत आणि बिघडत जातं. मूळ प्रत जपून ठेवावी आणि दर वेळी तीच फिरवावी.

राहिली फाइल. ‘पीएनजी ५० केबीची तर आहे, कितीदा का वाचेना!’ डिस्कवर ती दाबून भरलेली असते. उलगडल्यावर १०२४ बाय १०२४ चं चित्र, पिक्सेलला ४ बाइट धरले तर, ४ एमबीचं होतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. त्यात दर वेळी हे उलगडणं कसं बसणार? लोड गेमच्या लूपच्या आधी एकदाच करावं आणि लगेच कन्व्हर्ट-अल्फा, म्हणजे चित्र पारदर्शकता राखून पडद्याला सोयीच्या रूपात आणावं. नुसतं कन्व्हर्ट केलं तर पारदर्शक कडा जातात आणि पात्राभोवती बहुधा काळी चौकट येते.

गेम अडखळू लागला तर नव्या लॅपटॉपची चौकशी करण्याआधी लूपमध्ये लोडची ओळ राहिली आहे का, ते पाहा.