घर बांधण्याआधी जमीन पाहा

सिन्नर परिसरात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचे तर नियोजन जमिनीपासून सुरू होते. खाली बेसाल्ट खडक असला, तरी वरचा थर कुठे मुरमाचा, कुठे काळ्या मातीचा. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पावसाळ्यात पाया वर ढकलला जातो, उन्हाळ्यात त्याचा आधार सुटतो आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. म्हणून चाचणीचा खड्डा खणून कठीण मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे, मगच ठेकेदाराकडून दर मागवावा. एरवी ठरवलेला चौरस फुटाचा दर पायातच कोलमडतो.

पुढे वास्तुविशारदाचा नकाशा, आरसीसीचे डिझाइन आणि बांधकाम परवानगी.

कळीचा मुद्दा कराराचा. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी विक्रीच्या प्रकल्पांसाठी असते. स्वतःसाठी बांधून घेतलेल्या एकट्या घराला तिचा आधार नाही. काम नुसत्या मजुरीवर की साहित्यासह, सज्जे, पाण्याची टाकी आणि कुंपण दरात धरले का, सळई कोणत्या दर्जाची, हे सगळे लेखी हवे. पैसे जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी द्यावेत.

आयएस 456 (2000) या मानकानुसार आरसीसीला किमान एम 20 दर्जाचे काँक्रीट लागते. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 7 दिवस, मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 10 दिवस पाणी मारावे लागते. तालुक्याच्या अवर्षणग्रस्त पूर्व भागात हे पाणी कोण पुरवणार, तेही करारात लिहून घ्यावे.