शिवाराचा भाव आणि शहराची चाहूल

शेतजमिनीचा भाव मुळात माती, पाणी आणि निघणारे पीक यांवर ठरतो. शहर जवळ आले की हा हिशेब मागे पडतो. तिथे पुढे काय बांधता येईल, याचेच पैसे मोजले जातात. पुण्याभोवतीच्या गावांत हा बदल बोलण्यातूनच कळतो: एकराचा भाव सांगणारे लोक गुंठ्याचा सांगू लागतात. विकास आराखड्यात एखादा गट हिरव्या शेती विभागातून पिवळ्या निवासी विभागात गेला, तर माती तीच राहून भाव कित्येक पटींनी चढतो. मात्र रस्ता नसलेला, सातबाऱ्यावर डझनभर सहहिस्सेदार असलेला तुकडा तिथेही स्वस्तच जातो. नुसत्या रिंगरोडच्या चर्चेनेही दर वाढतात आणि आखणी सरकली की बसतात.

हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमीन विकण्याऐवजी सुमारे ४०० एकर एकत्र करून स्वतःच नगर वसवले. वाढीव किमतीतला वाटा त्यांच्याकडेच राहिला. सक्तीच्या भूसंपादनात तसे होत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरवताना आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखते पाहिली जातात, आणि त्यांत रक्कम कमी दाखवलेली असेल, तर मोबदलाही घटू शकतो.