पाँपेई लक्ष्मी

इटलीतील पाँपेई या प्राचीन नगराच्या उत्खननात सापडलेली भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटालियन पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माइउरी यांना ती १९३८ साली मिळाली. ज्या घरात ती सापडली, ते नगराच्या एका प्रमुख रस्त्यावर असून या शोधानंतर ‘भारतीय मूर्तीचे घर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. मूर्ती भग्नावस्थेत होती. तुकडे जुळवून तिची पुनर्रचना करण्यात आली. सध्या ती नेपल्स येथील राष्ट्रीय पुरातत्त्वीय संग्रहालयात आहे. भारतीय शैलीची मूर्ती रोमन नगरात मिळावी, ही गोष्ट असाधारण असल्यामुळे ती कोणाची, कोठली, केव्हाची व कशासाठी घडविलेली, हे चार प्रश्न विद्वानांपुढे उभे राहिले. त्यांची उत्तरे शोधताना पुरातत्त्वविद्येतील कालनिर्णयाच्या व स्थाननिर्णयाच्या विविध पद्धतींचा अवलंब झाला आहे.

वर्णन : मूर्तीची उंची सु. २५ सेंमी. आहे. मध्यभागी एक तरुण स्त्री पाय एकमेकांवर दुमडून उभी असून तिच्या दोन्ही बाजूंस लहान आकाराच्या दोन परिचारिका आहेत. त्यांच्या हातांत प्रसाधनाची पात्रे दिसतात. मुख्य आकृती अलंकार व कटिमेखला सोडल्यास विवस्त्र आहे. गळ्यात हार, हातांत कांकणांच्या ओळी, पायांत जाड तोडे आणि पाठीवर रुळणारा केशसंभार अशी तिची वेशभूषा आहे. मूर्ती चारही बाजूंनी कोरलेली आहे. मस्तकाच्या वरच्या भागातून खाली एक उभे छिद्र पाडलेले आहे. बैठकीवर खरोष्ठी लिपीतील एक अक्षर असून ते ‘शि’ असे वाचले जाते.

कालनिर्णय : एखाद्या वस्तूच्या काळाची खालची मर्यादा इतक्या निश्चितपणे सांगता येण्याचे भाग्य पुरातत्त्वज्ञांना क्वचितच लाभते. व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या इ. स. ७९ मधील उद्रेकात पाँपेई राखेखाली व दगडांच्या वर्षावाखाली गाडले गेले. त्यामुळे मूर्ती त्या वर्षापूर्वी घडविली गेली आणि त्यापूर्वीच इटलीत पोहोचली होती, हे निर्विवाद आहे. मात्र ही मर्यादा फक्त एका बाजूची होय. मूर्ती किती आधीची, हे गाडले जाण्याच्या तारखेवरून कळत नाही. कारण मौल्यवान वस्तू एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहू शकते.

किरणोत्सर्गी कार्बनची पद्धतीही येथे मर्यादित उपयोगाची आहे. तीवरून हत्ती केव्हा जिवंत होता एवढे अजमावता येते. कोरीव काम केव्हा झाले ते नव्हे. शिवाय तीवरून मिळणारा काळ काही दशकांच्या किंवा त्याहून मोठ्या मर्यादेत असतो व नमुन्यासाठी मूळ वस्तूचा अंश खर्ची पडतो. म्हणून वरची मर्यादा ठरविण्यासाठी शैलीची तुलना करावी लागते. सांची येथील मोठ्या स्तूपाच्या तोरणांवरील यक्षी व शालभंजिका यांच्याशी या मूर्तीचे साम्य प्रथमदर्शनीच जाणवते. भरीव अंगयष्टी, जाड तोडे, रुंद मेखला व समोरून पाहिली जावी अशी मांडणी ही लक्षणे दोहोंत समान आहेत. हे साम्य योगायोगाचे नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावरील एका लेखात तेथील कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केल्याची नोंद आहे. हस्तिदंतावर व दगडावर काम करणारे हात एकच असू शकत होते, हे त्यावरून सिद्ध होते. ही तोरणे सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील किंवा इसवी सनाच्या आरंभीची मानतात. या सर्व पुराव्यांचा मेळ घालता मूर्तीचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा पूर्वार्ध किंवा त्याच्या थोडा आधीचा ठरतो.

निर्मितिस्थान : हस्तिदंत हा पदार्थ स्वतः निर्मितिस्थान सांगत नाही. रोमन साम्राज्यात आफ्रिकेतून व भारतातून असा दोन्हीकडून हस्तिदंत येत असे. मूर्तीचे भारतीयत्व ठरते ते कोरीव कामावरून व लिपीवरून. परंतु भारतातील नेमके कोणते स्थळ, याविषयी मतभेद आहेत.

आरंभी अनेक अभ्यासकांचा कल उत्तर भारताकडे, विशेषतः मथुरेकडे होता. खरोष्ठी लिपी प्रामुख्याने वायव्य भारतात प्रचलित होती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे अफगाणिस्तानातील बेग्राम येथील शोध. १९३७ व १९३९ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना तेथील दोन बंद खोल्यांत भारतीय शैलीच्या हस्तिदंती व अस्थिशिल्पांचा मोठा साठा मिळाला. त्यांवर जोडणीच्या सोयीसाठी कारागिरांनी कोरलेली अक्षरचिन्हे आहेत. पाँपेईच्या मूर्तीवरील ‘शि’ हे अक्षरही अशाच प्रकारचे असावे, असे मानण्यास जागा आहे.

या विचाराला १९७३ मधील भोकरदन (जि. जालना) येथील उत्खननाने वेगळे वळण दिले. शां. भा. देव व र. श्री. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठ व तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांनी हे उत्खनन केले. सातवाहनकालीन अवशेषांत तेथे एक भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. परिचारिकांसह उभी असलेली ही आकृती पाँपेईच्या मूर्तीशी इतकी जुळते, की दोन्ही एकाच परंपरेतील आहेत याविषयी शंका राहत नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचे उल्लेख सांचीच्या लेखांत आढळतात. पैठण व उज्जैन यांना जोडणाऱ्या मार्गावरील हे एक समृद्ध नगर होते. तेर (प्राचीन तगर, जि. धाराशिव) येथेही याच घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे. या पुराव्यांच्या आधारे म. के. ढवळीकर यांनी पाँपेईची मूर्ती भोकरदन येथे घडविली गेली असावी, असे मत मांडले व ते बहुसंख्य अभ्यासकांनी विचारात घेतले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वस्तू जेथे सापडते तेथेच ती तयार झाली, असे गृहीत धरता येत नाही. पाँपेईची मूर्ती हेच त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. अर्धवट कोरलेल्या वस्तू, कापकामाचे तुकडे व हत्यारे एकत्र मिळाली, तरच कार्यशाळेचे अस्तित्व निःसंशय ठरते. परंतु भोकरदन व तेर या दोन स्थळी एकाच प्रकारच्या मूर्ती मिळाव्यात, हे दख्खनमध्ये अशा मूर्तींना मागणी होती व त्या घडविणारे कारागीरही होते, याचे सबळ गमक होय. खरोष्ठी अक्षराची अडचणही दुर्लंघ्य नाही. क्षहरात क्षत्रपांची सत्ता पश्चिम भारतात प्रस्थापित झाल्यावर त्यांच्या नाण्यांवर ब्राह्मीबरोबर खरोष्ठी लेखही आले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे मिळालेल्या नहपानाच्या नाणेसंचावरून हे दिसते. म्हणजे ही लिपी जाणणारे लोक पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्रदेशात वावरत होते. मूर्ती दख्खनमध्ये कोरली गेली आणि अक्षर एखाद्या वायव्येकडील कारागिराने किंवा व्यापाऱ्याने खोदले, असे मानल्यास दोन्ही पुराव्यांची संगती लागते.

मूर्तीची ओळख : ‘लक्ष्मी’ हे नाव माइउरी यांनी दिले व ते रूढ झाले. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते पुरेसे समर्थनीय नाही. प्राचीन शिल्पांत लक्ष्मीची ओळख कमळ किंवा अभिषेक करणारे हत्ती यांवरून पटते. ती लक्षणे येथे नाहीत. प्रसाधनपात्रे घेतलेल्या परिचारिका पाहता ही यक्षी किंवा शृंगार करणारी सुंदरी असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. दोन लहान सेवकांमध्ये उभी असलेली व्हीनस रोमन कलेत परिचित असल्याने पाँपेईच्या घरधन्याने या मूर्तीकडे त्याच दृष्टीने पाहिले असणे शक्य आहे.

उपयोग : मस्तकातील छिद्रावरून मूर्ती स्वतंत्र नसून एखाद्या मोठ्या वस्तूचा भाग होती, हे उघड आहे. ती धातूच्या आरशाची मूठ असावी, असे एक मत आहे. प्रसाधनाचा विषय त्याला अनुकूल आहे. दुसऱ्या मतानुसार ती लहान तिवईचा आधार होती. मूर्तीचे वजन व रुंद बैठक पाहता हे मतही दुर्लक्षणीय नाही.

ऐतिहासिक महत्त्व : पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रीअन सी  या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण व तगर येथून माल बॅरिगाझा (भडोच) बंदरात उतरत असल्याचे सांगितले आहे. त्या बंदरातून निर्यात होणाऱ्या पदार्थांत हस्तिदंताचा समावेश आहे. तेथून जहाजे मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने तांबड्या समुद्रातील बंदरांत जात. पुढे वाळवंटातून नाईल नदीपर्यंत व नदीमार्गे अलेक्झांड्रियापर्यंत माल नेला जाई आणि तेथून तो इटलीत पोहोचे. भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स रोमन साम्राज्यातून ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली आहे. त्याच प्लिनीचा मृत्यू इ. स. ७९ च्या उद्रेकात झाला. ही मूर्ती म्हणजे त्याने ज्या चैनीच्या व्यापारावर टीका केली, त्याचाच एक प्रत्यक्ष नमुना होय.

या व्यापाराची दुसरी बाजू महाराष्ट्रात दिसते. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथे ग्रीक सागरदेव पोसायडन याची काशाची मूर्ती व इतर रोमन वस्तू मिळाल्या आहेत. भोकरदन, तेर व ब्रह्मपुरी येथील अवशेष पाँपेईच्या मूर्तीशेजारी ठेवले म्हणजेच तिचा अर्थ पूर्णपणे उलगडतो. मूर्ती एकटी असताना ती केवळ एक कुतूहलाची वस्तू होती. पुढच्या पिढीत दख्खनमधील मातीतून तिच्या बहिणी बाहेर आल्या, तेव्हा ती इतिहासाचे साधन बनली. म्हणून उत्खननात मिळालेला प्रत्येक तुकडा, तो कितीही क्षुल्लक वाटला, तरी त्याच्या थराच्या नोंदीसह जपून ठेवणे अगत्याचे असते. थराची नोंद नसलेली वस्तू कितीही सुंदर असली, तरी तिच्या स्थलकालाविषयी केवळ शैलीच्या आधारे तर्कच करावा लागतो.